विमान नेमकं किती वाजता उतरलं? टॉवरची नोंद, मोबाईलवरची वेळ आणि तिकिटावरची वेळ यातला फरक समजून घ्या

आता तालुक्यातल्या जवळपास प्रत्येक गावातलं कुणी ना कुणी दुबई, मस्कत, पुणे-मुंबई नाहीतर परदेशात कामाला आहे. पोरगं येणार म्हटलं की घरचे गाडी करून विमानतळावर न्यायला जातात. मोबाईलवर विमान ‘उतरलं’ असं दिसतं आणि माणूस मात्र तासभर बाहेर येत नाही. इकडं पार्किंगचे पैसे चढतात, ड्रायव्हर कुरकुरतो आणि घरचे काळजीत पडतात. मग प्रश्न येतो, विमान उतरल्याची वेळ नेमकी कोण लिहितं, कुठल्या घड्याळावरून लिहितं आणि त्यातली खरी कुठली धरायची? तीच माहिती सोप्या भाषेत देतोय.

एका विमानाच्या चार वेळा

ऊस कारखान्याला घालणाऱ्यांना हे लगेच कळेल. आपली गाडी कारखान्यावर नंबराला लागते ती एक वेळ, काट्यावर चढते ती दुसरी आणि गव्हाणीत खाली होते ती तिसरी. ‘गाडी कधी पोचली?’ असं कुणी विचारलं तर तिन्ही उत्तरं खरीच असतात. फक्त विचारणाऱ्याचं काम काय आहे त्यावर कुठली वेळ सांगायची ते ठरतं.

विमानाचंही तसंच आहे. त्याच्या चार वेळा असतात :

१) चाकं धावपट्टीला टेकली ती वेळ. विमान उतरल्याची खरी वेळ हीच.
२) विमान धावपट्टी सोडून बाजूच्या रस्त्याला लागलं ती वेळ.
३) विमान जागेवर येऊन उभं राहिलं ती वेळ.
४) दार उघडलं आणि प्रवासी बाहेर पडायला मोकळे झाले ती वेळ.

पहिली आणि तिसरी यात मोठ्या विमानतळावर सहज दहा-पंधरा मिनिटं जातात. धावपट्टीवरून वळून, दुसऱ्या विमानांना वाट देत, आपली जागा मोकळी होईपर्यंत विमानाला थांबावं लागतं. तिकिटावर जी ‘पोचण्याची वेळ’ छापलेली असते ती यातली तिसरी, म्हणजे जागेवर उभं राहण्याची. चाकं टेकण्याची नव्हे. त्यामुळे विमान तिकिटावरच्या वेळेच्या दहा मिनिटं आधी टेकलं तरी ते फार लवकर आलं असं होत नाही, ते वेळेवरच असतं.

टॉवरमध्ये नोंद कशी होते?

विमानतळावर जो उंच काचेचा मनोरा दिसतो त्याला टॉवर म्हणतात. तिथं हवाई वाहतूक नियंत्रक बसलेले असतात. या कामालाच एटीसी म्हणतात. विमान येण्याआधीच त्याची माहिती टॉवरकडे पोचलेली असते. विमानाचं नाव-नंबर, प्रकार, कुठून निघालं आणि अंदाजे किती वाजता येईल हे सगळं एका अरुंद कागदी पट्टीवर असतं. एका विमानाला एक पट्टी. बाजार समितीत जशी एकेका शेतकऱ्याच्या मालाची वेगळी पट्टी निघते, तसंच समजा.

ही पट्टी प्लास्टिकच्या पट्टीधारकात बसवून नियंत्रकाच्या समोरच्या फळीवर लावलेली असते. विमान जसं जवळ येतं तशी पट्टी फळीवर पुढं सरकते. नियंत्रक वैमानिकाला उतरायची परवानगी देतो. मग धावपट्टीकडे डोळ्यांनी बघत राहतो. चाकं टेकली की घड्याळ बघून पट्टीवर वेळ लिहितो. विमान धावपट्टीवरून बाहेर पडलं की ते जमिनीवरची वाहतूक बघणाऱ्या नियंत्रकाच्या ताब्यात जातं.

दिल्ली-मुंबईसारख्या मोठ्या विमानतळांवर आता कागदाऐवजी पडद्यावरची पट्टी आली आहे आणि जमिनीवर चालणारी विमानं दाखवणारं रडारही आहे. त्यामुळे वेळेची नोंद यंत्रही करतं. पद्धत बदलली तरी नोंदवायची गोष्ट तीच राहिली : चाकं कधी टेकली.

वेळ लिहून काम संपत नाही. विमान उतरल्याचा एक छोटा संदेश विमान वाहतुकीच्या स्वतंत्र संदेश-जाळ्यावर पाठवता येतो. त्यात विमानाचा नंबर, निघालेल्या विमानतळाचं चार अक्षरी नाव, उतरलेल्या विमानतळाचं चार अक्षरी नाव आणि चार आकडी वेळ एवढंच असतं. मुंबईचं चार अक्षरी नाव ‘व्हीएबीबी’, नागपूरचं ‘व्हीएएनपी’, पुण्याचं ‘व्हीएपीओ’. आपल्या भागातल्या विमानतळांची नावं ‘व्हीए’ने सुरू होतात. तिकिटावर दिसणारं ‘बीओएम’ हे तीन अक्षरी नाव वेगळं, ते तिकीट आणि सामानासाठी असतं.

एक गोष्ट लक्षात ठेवायची. कधी कधी विमान धावपट्टीजवळ येऊन, न उतरता पुन्हा वर उचललं जातं. वारा आडवा असतो, पुढचं विमान धावपट्टीवरून हललेलं नसतं, अशी कारणं असतात. घाबरायचं काही नसतं, ही ठरलेली पद्धत आहे. अशा वेळी पहिल्या प्रयत्नाची वेळ उतरल्याची वेळ म्हणून लागत नाही. शेवटी जेव्हा उतरलं तीच वेळ लागते.

टॉवरचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं

हा भाग नीट वाचा, कारण घोटाळा इथंच होतो. जगातल्या कुठल्याही टॉवरमध्ये नोंद स्थानिक वेळेत होत नाही. सगळीकडे एकच वेळ चालते, तिला यूटीसी म्हणतात. रेडिओवर तिला ‘झुलू’ वेळ म्हणायची पद्धत आहे. आपली भारतीय वेळ या वेळेच्या ५ तास ३० मिनिटं पुढं असते. दुबईची ४ तास पुढं.

एकच घड्याळ ठेवण्याचं कारण सरळ आहे. दुबईचा नियंत्रक दुबईच्या वेळेनं, मुंबईचा मुंबईच्या वेळेनं बोलायला लागला तर आकाशात गोंधळ उडेल. म्हणून सगळ्यांनी मिळून एक घड्याळ मानलं आहे. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे टॉवरचं घड्याळ यूटीसीच्या ३० सेकंदांपेक्षा जास्त मागंपुढं चालत नाही ना, हे तपासत राहावं लागतं. जिथं विमानाशी संगणकावरून संदेशांची देवाणघेवाण होते तिथं तर ही सूट फक्त १ सेकंदाची आहे.

आता उदाहरण घ्या. समजा दुबईचं विमान आपल्या वेळेनं १५ तारखेला पहाटे ३ वाजून १० मिनिटांनी मुंबईत उतरलं. टॉवरच्या नोंदीत वेळ लागेल २१४०, म्हणजे रात्रीचे ९ वाजून ४० मिनिटं, आणि तारीख लागेल १४. एकच विमान, एकच क्षण, पण कागदावर तारीख वेगळी. आपल्याकडे मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंत उतरणाऱ्या प्रत्येक विमानाचं असं होतं. विमा, नुकसानभरपाई किंवा माहिती अधिकाराचा अर्ज करताना कुणी सरकारी नोंद मागवली आणि त्यात तारीख एक दिवस मागची दिसली, तर नोंद चुकली असं लगेच समजू नका. आधी साडेपाच तास मिळवून बघा.

तिकिटावरच्या वेळा मात्र नेहमी त्या त्या गावच्या असतात. दुबईहून निघायची वेळ दुबईची, मुंबईला पोचायची वेळ मुंबईची. दोन्हींची सरळ वजाबाकी केली तर प्रवास दीड तास जास्त दिसतो.

आपल्या भागात टॉवर कुणाच्या ताब्यात?

देशातल्या नागरी विमानतळांवर हे काम भारतीय विमानतळ प्राधिकरणाचे नियंत्रक करतात. मुंबई विमानतळ चालवायला खासगी कंपनीकडे असला तरी टॉवरमधले नियंत्रक प्राधिकरणाचेच. नागपूर, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर इथंही तेच. पुण्याचा लोहगाव मुळात हवाई दलाचा तळ आहे, तिथं विमानांचं नियंत्रण हवाई दलाकडे आहे. गोव्यातल्या दाबोळीला ते नौदलाकडे आहे. नाशिकजवळचा ओझर विमानतळ एचएएल कंपनीचा.

म्हणजे नोंद कुणाकडं मागायची हे विमानतळावर अवलंबून असतं. विमानतळ प्राधिकरण ही केंद्र सरकारची संस्था असल्यानं तिला माहिती अधिकार कायदा लागू आहे.

विमानही स्वतःची वेळ लिहितं

टॉवरची नोंद एक झाली. विमान कंपनीची दुसरी नोंद असते आणि ती विमान आपोआप करतं. विमानाच्या चाकांच्या पायात एक सेन्सर असतो. विमानाचा भार चाकांवर आला की त्याला कळतं आपण जमिनीवर आहोत. भार गेला की कळतं आपण हवेत आहोत. विमानात एकूण चार वेळा आपोआप नोंदल्या जातात : जागेवरून हललं, हवेत गेलं, जमिनीला टेकलं, जागेवर येऊन थांबलं.

या वेळा रेडिओवरून आपोआप कंपनीच्या कार्यालयात पोचवायची यंत्रणा अमेरिकेत १९७८ मध्ये सुरू झाली. तिला एकार्स म्हणतात. त्याआधी वैमानिक या वेळा स्वतः कळवायचे. वैमानिकाचा आणि कर्मचाऱ्यांचा पगार तासांवर, त्यामुळे वेळ कुणाच्या हातानं लिहायची यापेक्षा यंत्रानं लिहिलेली बरी, असा कंपन्यांचा त्यामागं हिशेब होता. दूध डेअरीत फॅट हातानं बघण्याऐवजी मशीन आलं, त्यातलाच प्रकार.

टॉवरची वेळ माणूस बघून लिहितो, पूर्ण मिनिटात. विमानाची वेळ सेन्सर लिहितो. त्यामुळे दोन्हींत एखाद्या मिनिटाचा फरक दिसू शकतो. त्यात काही लबाडी नसते.

मग मोबाईलवर दिसतं ते काय?

फ्लाइटरडार२४ सारख्या ॲपवर विमानाचं पिवळं चित्र सरकताना आपण बघतो. ही माहिती टॉवरकडून येते असा बऱ्याच जणांचा समज आहे. तसं नाही. आजकालची विमानं जीपीएसवरून आपली जागा, उंची आणि वेग रेडिओवर सतत सांगत असतात. ठिकठिकाणी लोकांनी आपल्या घराच्या छतावर छोटे रिसीव्हर बसवलेले आहेत, ते हे ऐकतात आणि इंटरनेटवरून ॲपच्या कंपनीला पाठवतात. विमान ‘मी जमिनीवर आहे’ असं सांगायला लागलं की ॲप ‘उतरलं’ दाखवतं.

मुंबईच्या आसपास असे रिसीव्हर भरपूर, त्यामुळे वेळ बऱ्यापैकी बरोबर येते. छोट्या विमानतळाजवळ रिसीव्हर नसेल, तर विमान खाली आल्यावर त्याचा आवाज कुणालाच ऐकू जात नाही. मग ॲप अंदाजानं वेळ दाखवतं किंवा विमान नकाशावरून गायब होतं. विमान गायब झालं म्हणून घरी रडारड करू नका. बहुतेक वेळा ते रेंजबाहेर गेलेलं असतं, एवढंच.

विमान कंपनीच्या ॲपवर आणि विमानतळाच्या फलकावर ‘आगमन’ म्हणून जी वेळ येते ती कधी टेकण्याची, कधी जागेवर लागण्याची असते. त्यामुळे दोन ॲपवर दोन वेळा दिसल्या तर गडबडून जाऊ नका.

एवढी काटेकोर नोंद कशासाठी?

पहिलं कारण जीवाचं. विमान निघालं आणि पोचलं नाही, हे कुणाला तरी वेळेत कळलं पाहिजे. आंतरराष्ट्रीय नियम असा आहे की विमान त्याच्या अपेक्षित वेळेनंतर ३० मिनिटांत पोचलं नाही तर ‘अनिश्चितता’ जाहीर करून चौकशी सुरू करायची. ज्या विमानाला उतरायची परवानगी दिली आहे, ते ठरल्या क्षणानंतर ५ मिनिटांत उतरलं नाही आणि रेडिओवर उत्तरही देत नसेल, तर लगेच ‘सावधानते’चा पुढचा टप्पा लागतो. पुढं गरज पडली की शोध आणि बचाव. फळीवरची पट्टी वेळ न लिहिता रिकामी राहिली, तर ती स्वतःच धोक्याची घंटा असते. वेळ लिहिली म्हणजे ‘हे विमान सुखरूप खाली आलं, आता याला शोधायचं नाही’ असा त्याचा अर्थ.

दुसरं कारण पैशाचं. विमान उतरलं की कंपनीला त्याच्या वजनाप्रमाणे उतरण्याचं भाडं द्यावं लागतं. उभं राहिल्याचं पार्किंगचं भाडं वेगळं. प्राधिकरणाच्या दरपत्रकात विमानाला पार्किंगचे पहिले दोन तास मोफत आहेत. त्या हिशेबात चाकं टेकल्यापासून जागेवर पोचेपर्यंत सरसकट १५ मिनिटं धरली जातात आणि जाताना जागेवरून धावपट्टीपर्यंत आणखी १५ मिनिटं. म्हणजे टेकणं आणि पोचणं यातला फरक सरकारी दरपत्रकानंही मान्य केलेला आहे. गाडीच्या पार्किंगला आपण वैतागतो, पण विमानालाही मीटर चालूच असतो.

तिसरं कारण चौकशीचं. ७ ऑगस्ट २०२० ला दुबईहून आलेलं एअर इंडिया एक्स्प्रेसचं विमान केरळात कोळीकोड विमानतळावर पावसात धावपट्टीच्या पुढं जाऊन दरीत कोसळलं. मराठी वैमानिक कॅप्टन दीपक साठे यांच्यासह २१ जणांचा जीव गेला. विमान नेमकं कुठं टेकलं, त्या वेळी वारा किती होता, टॉवर आणि वैमानिक यांच्यात काय बोलणं झालं, हे सगळं सेकंदाच्या हिशेबानं जुळवावं लागतं. टॉवरची ध्वनिफीत, रडार आणि विमानातला ब्लॅक बॉक्स यांची वेळ एकाच घड्याळावर आणली, तरच ते जुळतं. त्या चौकशीतूनच कळलं की विमान धावपट्टीच्या सुरुवातीपासून ४,४३८ फूट पुढं जाऊन टेकलं होतं. पूर्ण धावपट्टी ८,८५८ फुटांची. म्हणजे निम्मी धावपट्टी मागं पडली होती.

टॉवरच्या कागदी पट्ट्या आणि ध्वनिफिती किमान ३० दिवस जपून ठेवाव्या लागतात, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. अपघात किंवा चौकशी असेल तर काम संपेपर्यंत. त्यामुळे कुणाला काही तक्रार करायची असेल तर ती दोन-चार महिने अंगावर काढू नये, ताबडतोब लेखी करावी.

पाच मिनिटांवरून कोर्टात गेलेली केस

कुठली वेळ खरी धरायची, हा प्रश्न युरोपात थेट वरच्या कोर्टात गेला होता. २०१२ मध्ये जर्मनविंग्ज कंपनीचं विमान ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्गहून जर्मनीत कोलोन-बॉनला जायचं होतं. पोचायची वेळ दुपारी २ वाजून ४० मिनिटं. विमान उशिरा निघालं आणि त्याची चाकं टेकली ५ वाजून ३८ मिनिटांनी. जागेवर लागलं ५ वाजून ४३ मिनिटांनी आणि त्यानंतर दार उघडलं.

तिथं नियम असा की ३ तास किंवा जास्त उशीर झाला तर प्रवाशाला भरपाई. एवढ्या अंतराला ती २५० युरो. कंपनी म्हणाली, चाकं टेकली तेव्हा उशीर २ तास ५८ मिनिटं, म्हणजे भरपाई नाही. प्रवासी म्हणाला, जागेवर लागलो तेव्हा उशीर ३ तास ३ मिनिटं झाला होता.

सप्टेंबर २०१४ मध्ये युरोपियन युनियनच्या न्यायालयानं निकाल दिला : विमानाचं निदान एक दार उघडून प्रवाशांना उतरायची मुभा मिळते, तीच पोचण्याची वेळ. कारण तोपर्यंत माणूस बंद जागेत अडकलेला असतो, त्याला स्वतःचं काही काम करता येत नाही. टॉवरची नोंद खोटी ठरली नाही. ती विमानासाठी होती, प्रवाशाच्या हक्कासाठी वेगळी वेळ लागली, इतकंच. आपल्याकडचं कुणी जर्मनी-नेदरलँडला नोकरी-शिक्षणाला असेल तर त्याला हा निकाल जरूर सांगा. युरोपातून निघणाऱ्या कुठल्याही कंपनीच्या विमानाला तिथला भरपाईचा कायदा लागतो.

आपल्याकडे काय?

भारतात डीजीसीएच्या नियमात उशीर मोजला जातो तो निघण्याच्या वेळेवरून, उतरण्याच्या नव्हे. अडीच तासांपर्यंतच्या प्रवासाला २ तास किंवा जास्त उशीर होणार असेल तर विमानतळावर थांबलेल्या प्रवाशाला खाणं-पिणं द्यायचं. देशांतर्गत विमानाला ६ तासांपेक्षा जास्त उशीर होणार असेल तर दुसरं विमान किंवा तिकिटाचे पूर्ण पैसे परत, यातलं एक प्रवाशाला निवडता येतं. रात्री ८ ते पहाटे ३ या वेळेत निघणाऱ्या विमानाला ६ तासांपेक्षा जास्त उशीर असेल तर राहायची सोयही करायची असते. कंपनीनं ऐकलं नाही तर केंद्र सरकारच्या ‘एअरसेवा’ पोर्टलवर तक्रार नोंदवता येते.

सामानाचंही घड्याळ आहे. विमानाचं इंजिन बंद झाल्यापासून पहिली बॅग १० मिनिटांत आणि शेवटची ३० मिनिटांत पट्ट्यावर यावी, असा मोठ्या विमानतळांसाठी दंडक आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारनं विमान कंपन्यांना तो पाळायची सूचना केली होती.

न्यायला जाताना एवढं लक्षात ठेवा

• ॲपवर ‘उतरलं’ दिसलं म्हणजे फक्त चाकं टेकली. लगेच गाडी दारात लावू नका.
• देशातल्या विमानासाठी त्यानंतर साधारण पाऊण तास धरा. परदेशातून येणाऱ्याला पासपोर्ट तपासणी आणि कस्टम असतं, एक ते दीड तास धरा.
• माणसाचा फोन किंवा मेसेज आल्यावरच पार्किंगमधून हला.
• रात्री १२ नंतरच्या विमानाची तारीख दोनदा तपासा. ‘१५ तारखेला पहाटे ३’ म्हणजे १४ तारखेला रात्री घरातून निघायचं. यात बऱ्याच जणांची फसगत होते.
• उशीर झाला तर बोर्डिंग पास, कंपनीचे मेसेज आणि दार उघडल्याची वेळ दाखवणारा मोबाईलचा फोटो जपून ठेवा.
• सरकारी नोंद मागवली तर त्यात ५ तास ३० मिनिटं मिळवूनच वाचा.